आग विझल्यानंतर : बेळ्ळंदूर तलावाचे उदाहरण

वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अरण्य उभे राहते. बंगळुरूच्या महादेवपुरा भागात मात्र आग लागली ती तलावाला. सुमारे 900 एकरांचा बेळ्ळंदूर तलाव 2015, 2017 व 2018 या वर्षी पेटला. पाणी जळत नाही. जळत होते ते पाण्यावर व काठावर साचलेले पदार्थ. शहराचे मैलापाणी तलावात येत असल्यामुळे जलपर्णी माजली, तेलाचा तवंग व साबणाचा फेस पसरला आणि तळाच्या गाळातून मिथेन वायू सुटू लागला. जानेवारी 2018 च्या आगीत अग्निशामक दलाच्या मदतीला लष्करी जवानांनाही यावे लागले.

आग विझविण्याची जबाबदारी कोणाची, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यानंतर जमीन व पाणी पूर्ववत कोणी करावयाचे? येथे तलाव विकास प्राधिकरणाच्या ताब्यात होता. मैलापाणी जलमंडळाकडे, पावसाळी नाले व कचरा महानगरपालिकेकडे, तर कारखान्यांवरील देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होती. प्रत्येक खात्याला आपल्या हद्दीपुरते उत्तर देता येत होते. संपूर्ण तलावाचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते.

अशा कामात क्रमाला फार महत्त्व असते. प्रथम मैलापाणी अडवून ते शुद्धीकरण केंद्राकडे वळवावे लागते. मग तलाव रिकामा करून गाळ काढावयाचा. गाळात जड धातू असण्याचा संभव असल्याने तो शेतात पसरण्यापूर्वी तपासावा लागतो. पहिली पायरी एका खात्याने चुकविली, तर दुसऱ्या खात्याने काढलेला गाळ काही वर्षांत पुन्हा साचतो आणि खर्च व्यर्थ जातो.

म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2018 मध्ये दिलेला आदेश लक्षात घेण्याजोगा आहे. राज्य सरकारने 500 कोटी रुपये या कामासाठी वेगळे ठेवावेत, असे त्यात सांगितले होते. देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निधी, मुदत आणि सर्व खात्यांना जाब विचारणारी एक समिती या तीन गोष्टी त्यामुळे प्रथमच एकत्र आल्या. पुढे मैलापाण्यासाठी वळणकालवे खोदून तलाव रिकामा करण्यात आला व गाळ काढण्यास आरंभ झाला. तथापि ठरलेल्या मुदती एकामागून एक उलटत गेल्या. समिती हिशेब मागू शकते; काम शेवटी खात्यांनाच करावे लागते.

बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तलावात, तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत आणि पुढे तमिळनाडूत जाते. पाणी हद्दी पाळीत नाही. 2025 मध्ये बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. हद्दी आणखी वाढल्या. खाती बदलली तरी तलाव एकच राहतो. त्याच्या पुनरुज्जीवनाचा आराखडाही एकच असावा आणि त्यातील प्रत्येक पायरीसमोर उत्तरदायी अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. अन्यथा आग विझते, पण तिचे कारण शिल्लकच राहते.