फाटकाशी थांबलेली आई

शाळा सुटली आहे. दुसरीतल्या एका मुलाची आई फाटकाशी उभी आहे. मुलगा स्वमग्न आहे. आज परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपक एकदम कर्कश वाजला, तेव्हा तो कान झाकून ओरडला आणि त्याने शेजारच्या मुलाला ढकलले. वर्गशिक्षिका हे सांगायला जातात. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच आई म्हणते, "बाई, रोज माझ्याच मुलाची तक्रार का?" दुसऱ्या दिवशी ती बाईंची नजर चुकवून निघून जाते. तिसऱ्या दिवशी सगळे ऐकून घेते, मान डोलावते आणि सांगितलेल्यापैकी काहीच करत नाही.

शिक्षकांच्या खोलीत या तीन दिवसांचे तीन निष्कर्ष निघतात : आई भांडखोर आहे, बेफिकीर आहे, तिला समजत नाही. प्रसंग कल्पित आहे, पण आपल्या ओळखीचा आहे. या तिन्ही वागण्यांच्या मुळाशी शरीरातली एकच यंत्रणा असू शकते. ती समजून घेतली तर निष्कर्ष बदलतात आणि शाळेला काय करता येईल तेही दिसू लागते.

आधी एक छोटा प्रयोग करू. शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आता विस्तार अधिकारी न कळवता तपासणीला येतील आणि थेट तुमच्याच वर्गात शिरतील, तेव्हा पुन्हा मोजा! (तेवढी वाट पाहायची नसेल, तर सहकाऱ्यांसमोर न तयारी करता दोन मिनिटे बोलायचे आहे असे ठरवा आणि उठण्याआधी मोजा.) आकडा बहुधा वाढलेला दिसेल. तुम्ही धावला नाहीत, जिना चढला नाहीत. मग हृदयाला कोणी सांगितले?

हे कोडे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी उलगडायला घेतले. कुत्र्याचे भुंकणे ऐकून घाबरलेल्या मांजराच्या रक्तात अॅड्रेनॅलिन मिसळते, असे त्यांना आढळले. 1915 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. संकट दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. हृदय जलद चालते, स्नायूंकडे जास्त रक्त जाते, पचन मंदावते. लढणे आणि पळणे यांच्या जोडीला गोठून जाणे हा तिसरा प्रतिसादही पुढे अभ्यासला गेला. आता फाटकापाशी परत या. पहिल्या दिवशी आई लढली, दुसऱ्या दिवशी पळाली, तिसऱ्या दिवशी गोठली.

ही तयारी दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग चेतातंतूंचा. मेंदूकडून निघालेला संदेश मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि काही सेकंदांतच अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते. दुसरा मार्ग संथ आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती अधिवृक्क ग्रंथींना देते, आणि मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठते. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवते. शिवाय ते मेंदूला "आता पुरे" असेही कळवते. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. तसेच हे.

मांजरासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. कुत्रा निघून जातो, मांजर अंग चाटत बसते. पण ज्या घरात रात्री मुलाला झोप लागत नाही, सकाळी शर्टाचा शिवणीचा भाग टोचतो म्हणून रडारड होते आणि दुपारी शाळेतून कोणता निरोप येईल याची धास्ती असते, तिथे कुत्रा निघून जातच नाही. हे आईइतकेच मुलाला रोज सांभाळणाऱ्या वडिलांना किंवा आजीलाही लागू आहे.

दीर्घकाळच्या ताणाचे परिणाम 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. थंडी, इजा, अतिश्रम अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीरात होणारे बदल सारखेच होते : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, जठरात व्रण. 1993 मध्ये ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर यांनी या साचत जाणाऱ्या झिजेला एक नाव दिले. त्याचा आशय असा की परिस्थितीशी जुळवून घेण्याचीही शरीराला किंमत मोजावी लागते.

ही झीज नेहमी संप्रेरक वाढण्याच्याच रूपात दिसते असे नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मार्शा सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन आणि प्रौढ स्वमग्न मुलांच्या आयांच्या लाळेतील कॉर्टिसॉल दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजले होते. ते इतर आयांपेक्षा कमी निघाले! ताण कमी होता म्हणून नव्हे. वर्षानुवर्षे चाललेल्या ताणानंतर यंत्रणेचा प्रतिसादच मंदावतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्या टाकीच्या भाषेत सांगायचे तर गोळ्याचा दांडा वाकतो आणि टाकी अर्धी असतानाच नळ बंद होतो. म्हणून शांत, थंड दिसणारी आई निश्चिंत असेलच असे नाही.

तीव्र ताणाचा आणखी एक परिणाम शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग नियोजन करणे, सूचना ध्यानात ठेवणे, रागाला आवर घालणे ही कामे पाहतो. तीव्र ताणात नेमके याच भागाचे काम ढिले पडते. फाटकापाशी उभ्या उभ्या दिलेल्या चार सूचनांपैकी एकही घरी पोचत नाही, याचे कारण येथे सापडू शकते.

मग उपाय काय? 1970 च्या सुमारास जे वाइस यांनी उंदरांवर केलेले प्रयोग येथे मार्गदर्शक ठरतात. दोन उंदरांना विजेचे सारखेच झटके बसत. एकाला झटक्यापूर्वी इशारा मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. इशारा मिळणाऱ्या उंदराच्या जठरात व्रण बरेच कमी आढळले. झटके तेवढेच, पण ते केव्हा येणार हे कळत असल्याने उरलेला वेळ निर्धास्त. झटका थांबवण्याचे साधन स्वतःच्या हाती असले, तरीही व्रण कमी होत.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण यातून शाळेपुरता विचार करता येतो. रोज अवचित तक्रार करण्याऐवजी आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवावी. तातडीचे नसेल ते त्या दिवसासाठी राखून ठेवावे. बोलणे फाटकापाशी, इतर पालकांसमोर नको, बसून व्हावे. एका वेळी एकच सूचना, तीही कागदावर लिहून द्यावी. आणि "घरी असे झाले की तुम्ही काय करता?" हे विचारावे. मुलाला सर्वांत जास्त ओळखणारे माणूस समोर बसले आहे, आणि विचारल्याने थोडी सूत्रे त्याच्याही हाती जातात.

दोष देण्याचा इतिहासही विसरू नये. 1967 मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी पुस्तक लिहून स्वमग्नतेचे खापर आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या वागण्यावर फोडले. त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना पुराव्यानिशी खोडून काढली होती. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो आणि मेंदूच्या जडणघडणीतला फरक जन्माआधीच सुरू होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. तरीही "घरी वळण लावत नाहीत" हे वाक्य अजून ऐकू येते.

आईचा ताण कमी झाला म्हणून मुलाची स्वमग्नता जाणार नाही, आणि ती जावी यासाठी हे करायचेही नाही. पण पालकाचा ताण आणि मुलाचे त्रासदायक वागणे एकमेकांना वाढवतात, असे संशोधनात दिसते. या चक्राचा एक दाता शाळेच्या हाती आहे.

उद्या फाटकाशी जाण्यापूर्वी बाईंनी स्वतःची नाडीही मोजावी. चाळीस मुलांचा दिवस सांभाळून त्याही थकलेल्या असतात. आकडा जास्त असेल तर आज फक्त एवढेच सांगावे : "आज त्याने डबा पूर्ण खाल्ला. बाकीचे शुक्रवारी बसून बोलू."