भाकरी-वरणाच्या ताटात 'बी १२' किती? उदास मनाशी त्याचा संबंध काय?

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटकच्या सीमेवरचे, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे गाव. येथील बाजार समिती तुरीसाठी ओळखली जाते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी आणि शेंगाचटणी हे या भागातले नेहमीचे जेवण. प्रथिने आणि फॉलेट यांचा विचार केला तर ताट चांगलेच आहे. मात्र 'बी १२' हे जीवनसत्त्व त्यात जवळपास नसतेच. वनस्पती ते तयार करत नाहीत, जिवाणू करतात. माणसाला ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते.

सीमाभागात शाकाहारी घरे पुष्कळ. त्यांची सारी भिस्त दुधावर. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅम 'बी १२' लागते आणि पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. गावाच्या नावात दूध असले म्हणून काय झाले, घरातल्या बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा चहापुरतेच येते. तेवढ्याने हा हिशेब जुळत नाही.

पुण्यात नेमका हाच प्रश्न तपासला गेला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर, तेथील झोपडपट्टी आणि आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये 'बी १२' कमी आढळले. शाकाहारींमध्ये ही शक्यता चौपटीहून अधिक होती.

मनाशी संबंध कसा?

मज्जातंतूंवरचे आवरण टिकवण्यासाठी आणि मेंदूतील रासायनिक संदेशवाहक तयार होण्याच्या साखळीत 'बी १२' लागते. ते फार कमी झाले की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. चिडचिड आणि उदासी येते, क्वचित भ्रमही होतात. घरात मात्र 'वय झालं', 'डोक्याला ताप फार' असे म्हणून विषय संपतो. रक्त कमी नसतानाही मज्जातंतूंना इजा होऊ शकते, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सोबत लोहाची कमतरता असेल तर रक्तपेशींचा आकारही सरासरीत नेहमीसारखा दिसतो आणि 'बी १२'ची कमतरता झाकली जाते.

मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असलेले आणि ज्येष्ठ नागरिक यांनी विशेष लक्ष द्यायला हवे. त्यांच्यात 'बी १२'चे शोषणच कमी होते.

मग इंजेक्शन घेतले की उदासी जाईल?

येथे घाई नको. उदास माणूस नीट जेवत नाही, घराबाहेर पडत नाही. त्यामुळे कमी झालेले जीवनसत्त्व हे उदासीचे कारण असते तसा तिचा परिणामही असू शकतो. २०२१ मधील एका आढाव्यात १६ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. ज्यांच्यात ठळक कमतरता नव्हती, त्यांच्या नैराश्याच्या लक्षणांत 'बी १२'च्या गोळ्यांनी फरक पडला नाही. 'ड' जीवनसत्त्वाचेही तसेच. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांहून अधिक लोकांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. रोज 'ड' जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी झाले नाही.

म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, कारण मज्जातंतूंचे नुकसान लांबले की ते पूर्ण भरून येईलच असे नाही. कमतरता नसेल तर 'ताकदीचे इंजेक्शन' हा मनाच्या आजारावरचा उपाय नव्हे. दुकानातून आणलेल्या नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

'बी १२'ची पातळी साध्या रक्त तपासणीत कळते. अनेक प्रयोगशाळांत प्रति मिलिलिटर २०० पिकोग्रॅमखाली ती कमी मानतात. त्याच्या थोडी वर असेल तर लक्षणे पाहून डॉक्टर ठरवतात. तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी करावी, नंतरचा आकडा दिशाभूल करतो. नैराश्याची औषधे चालू असतील तर जीवनसत्त्व सुरू झाले म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. तेथे मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांची सोय आहे.