काटा शून्यावर, गाडी शंभरावर

फोर्डच्या एफ-150 पिकअपमागचा चौकशीचा ससेमिरा काही सुटत नाही. अमेरिकेच्या ‘एनएचटीएसए’ या सुरक्षा यंत्रणेने मार्च 2025 मध्ये 2015 ते 2017 च्या सुमारे पावणेतेरा लाख गाड्यांची चौकशी सुरू केली. तक्रार जुनीच आहे. भर वेगात गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर टाकतो. त्याआधीच्या गाड्यांचे रिकॉल 2016, 2019 आणि 2024 मध्ये होऊन गेले. 2019 मध्ये एकट्या अमेरिकेत साडेबारा लाखांहून अधिक गाड्या होत्या, 2024 मध्ये साडेपाच लाख. नव्या चौकशीत काय निघायचे ते निघो, जुन्या तिन्ही वेळी आरोपी एकच होता, गिअरबॉक्समधला आउटपुट स्पीड सेन्सर.

खरे तर याचे काम अगदी साधे. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय ते संगणकाला कळवायचे. दातेरी चाकाचा एकेक दात समोरून गेला की विजेचा एक ठोका. ठोके बंद पडले की संगणकाच्या लेखी गाडी उभी, आणि उभ्या गाडीला पहिला गिअर लागतो एवढेच त्याला पढवलेले. या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याचे गुणोत्तर 4.17 आहे, सहाव्याचे 0.69. म्हणजे त्याच वेगाला सहाव्यावरून पहिला पडला तर इंजिनाला सहापट फिरावे लागेल. तेवढे ते फिरू शकत नाही, मग मागची चाकेच रस्त्यावर घसरू लागतात. काटा धाडकन शून्यावर येतो आणि कोणीतरी मागून गाडी ओढून धरल्यासारखा झटका बसतो.

निदानाच्या बाबतीत मात्र गॅरेजवाल्यांवर माझा राग आहे, तिकडच्याही आणि इकडच्याही. स्कॅनर लावायचा, पी0720 किंवा पी0722 कोड दिसला की ‘सेन्सर गेला, बदलावा लागेल’ म्हणून मोकळे व्हायचे. कोड इतकेच सांगतो की ठोके नीट पोचत नाहीत. वायर उंदराने कुरतडलेली असेल, कनेक्टरमध्ये तेल शिरले असेल, पिन गंजली असेल, सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल. त्याचा उलगडा रस्त्यावरच होतो. गाडी चालवताना स्कॅनरवर शाफ्टचा वेग आणि एबीएसकडून येणारा चाकांचा वेग शेजारी शेजारी ठेवायचा. चाकांचा आकडा स्थिर असताना शाफ्टचा आकडा मध्येच कोसळला, तर बिघाड सेन्सर किंवा त्याच्या वायरीतच. ही परीक्षा गाडी चांगली तापल्यावर घ्यावी. गार गाडीवर पुष्कळदा सगळे ठाकठीक दिसते.

पुढचे काम मल्टिमीटरचे. दोन वायरींचा जुना चुंबकी सेन्सर असेल तर त्याचा रोध मोजायचा, चाके उचलून फिरवून एसी व्होल्टेज उमटते का पाहायचे. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर आधी त्याला वीज आणि अर्थिंग मिळते का ते बघायचे. उपाशी सेन्सरला दोष देण्यात काय अर्थ?

बदलण्याच्या कामात तर दोन पिढ्यांचे अंतर आहे. शेवरोलेच्या जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह सिल्वराडोत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटाला बाहेरून बसवलेला असे. एक बोल्ट काढा, सेन्सर ओढा, नव्या ओ-रिंगला तेल लावून दाबा, झाले. एफ-150 मध्ये तो लीड फ्रेम नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत ओतलेला आहे, आणि टर्बाइनचा सेन्सर व गिअरची जागा सांगणारा सेन्सरही त्याच पट्टीत. पट्टी बसते व्हॉल्व्ह बॉडीवर, गिअरबॉक्सच्या पोटात. म्हणून तेल काढा, पॅन उतरवा, व्हॉल्व्ह बॉडी खाली घ्या, एक सेन्सर गेला तरी पट्टी अख्खी बदला. नवे मर्कॉन एलव्ही तेल भरून, ते ठरलेल्या तापमानाला आल्यावर इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहायची. जुळणी सोपी व्हावी म्हणून केलेली ही रचना दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी मारली गेली, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या हाताने गिअर टाकायच्या पिकअपवाल्याला हे ऐकून हसू येईल. त्याचा स्पीड सेन्सर मेला तर काटा मरतो, गिअर त्याच्या हातातच राहतो.

फोर्डने 2019 आणि 2024 मध्ये दिलेला उपाय सॉफ्टवेअरचा होता. क्षणापूर्वी शंभराने धावणारी गाडी एका क्षणात उभी राहू शकत नाही, ही शंका संगणकाला घ्यायला शिकवायची. उपाय चांगला आहे, पण तो पहिल्याच दिवशी का सुचू नये? अंध विश्वासावर चालणारा प्रोग्रॅम लाखो गाड्यांत भरताना, एक वायर तुटली तर काय होईल, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. शिवाय सॉफ्टवेअरने झटका टळतो, कुचकामी पट्टी आत तशीच राहते. आणि 2019 च्या रिकॉलमध्ये 2011 ते 2013 च्या गाड्या घेतल्या, मग त्याच पिढीची, त्याच गिअरबॉक्सची 2014 ची गाडी आणखी पाच वर्षे बाहेर कशी राहिली? एनएचटीएसएने नव्या चौकशीत कंपनीला आधी हे विचारावे.