सेवाभाव हा पगार नव्हे: मानसिक आरोग्य संस्थेचं साधं व्यवस्थापन



वस्तीत जाऊन मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था काढायची, असं ठरवणारे आपल्यात बरेच जण आहेत. नोंदणी, देणग्या, जागा यावर आपण व्हिडिओत बोललो. आज माणसांचा हिशोब.

बेकरीत ओव्हन तापतो, इथे माणूस तापतो. ऐकणं हेच तुमचं उत्पादन आहे. ऐकणारी व्यक्ती कंटाळून गेली, तर रुग्णाचा विश्वासही तिच्याबरोबर जातो. नवीन माणसापुढे त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

आता वही काढा. समजा, तुमची कार्यकर्ती आठवड्याला 6 दिवस, रोज 8 तास काम करते. झाले 48 तास. एका घरभेटीला बोलणं 1 तास, जाणं-येणं 1 तास, नोंदी अर्धा तास. म्हणजे अडीच तास. बैठक, प्रशिक्षण आणि वरिष्ठांशी चर्चा यासाठी 8 तास बाजूला काढा. उरले 40. भेटी होतात 16.

पण देणगीदाराला खूश करायला प्रस्तावात आपण 25 भेटी लिहितो. 25 भेटींना साडेबासष्ट तास लागतात! बैठक-चर्चा सगळी रद्द केली तरी साडेचौदा तास कमी पडतात. ते ती तिच्या रविवारातून आणि झोपेतून देते. याला आपण 'समर्पण' म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. त्यांच्या मते तो आजार नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम आहे. म्हणजे दुरुस्ती कार्यकर्तीत नाही, कामाच्या रचनेत करायची.

हे जमतं का? झिम्बाब्वेचं उदाहरण बघा. 2006 मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 14 आज्यांना घेऊन 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून या आज्या लोकांचं ऐकायच्या. पण 'जमेल तेवढं करा' असा मामला नव्हता. ठरलेली प्रश्नावली, साधारण सहा बैठकी, आणि आत्महत्येचे विचार दिसले की प्रकरण वरिष्ठांकडे. आजीचं काम कुठे संपतं, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून सगळं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं नाही.

तुम्ही काय कराल?

1. प्रत्येकीकडे जास्तीत जास्त किती केसेस, हे नेमणूकपत्रात लिहा.
2. दर आठवड्याची वरिष्ठांशी चर्चा हा पगारी वेळ धरा.
3. रात्रीचे फोन कोण घेणार, याची पाळी लावा. सगळ्यांचा फोन चोवीस तास चालू, हे व्यवस्थापन नव्हे.
4. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवीच. कामासाठी गेलेलं रुग्णाचं घरही त्या कायद्यात कामाची जागाच आहे.
5. परदेशी देणगी घेणार असाल तर 2020 पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आहे. कोणता पगार कुठे धरायचा, हे सीएला आधीच विचारा.

देणगीदार म्हणेल, 'भेटी 16च का?' त्याला वहीतला हिशोब दाखवा. तरी तो 25 वर अडून बसला, तर दोन कार्यकर्त्यांचा पगार मागा. मागायला लाजू नका.