टू-इन-वनचं थ्री-इन-वन

आखाती देशातून सुट्टीवर आलेला माणूस कोकणातल्या एसटी स्टँडवर लांबूनच ओळखू यायचा. सुटकेस हमालाच्या डोक्यावर आणि टू-इन-वन मात्र स्वतःच्या हातात! रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत, म्हणून टू-इन-वन. अमेरिकेत याच पेटीला बूमबॉक्स म्हणत. एलएल कूल जे या रॅप गायकाच्या १९८५ च्या ‘रेडिओ’ अल्बमच्या मुखपृष्ठावर गायक नाहीच, आहे तो जेव्हीसीचा आरसी-एम९०. तिकडे ही पेटी खांद्यावरून रस्त्याने मिरवायची, आपल्याकडे ती भरतकामाच्या रुमालाखाली शोकेसमध्ये बसायची.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, म्हणजे इथले कामगार ज्याला अरबी शब्दावरून ‘सनैया’ म्हणतात तिथे, या पेटीला आणखी एक काम होतं. ती पत्र वाचून दाखवायची. फोन महाग, घरातल्या सगळ्यांना लिहिता येतंच असं नाही. मग गावाकडची माणसं कॅसेटवर बोलायची आणि सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाबरोबर ती कॅसेट इकडे पाठवायची. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही छोटी कॅसेट जगासमोर आणली. पुढे तिच्यावर गाणी आली, पुलंचं कथाकथन आलं. पण कामावरून आलेल्या माणसाला सहाजणांच्या खोलीत, आवाज बारीक करून, घरचं बोलणं ऐकायला मिळालं, ही तिची मोठीच करामत.

आता त्या पेट्यांना पुन्हा दिवस आले आहेत. आपल्या मुलांना त्या ‘व्हिंटेज’ वाटतात आणि त्यांना त्यावर फोनमधली गाणी वाजवायची असतात. त्यासाठी बरेच जण सरळ आतलं सगळं काढून टाकतात आणि रिकाम्या खोक्यात ब्लूटूथ आणि लिथियम बॅटरी बसवतात. आमच्या घरीही हाच बेत शिजत होता. संच माझ्या सासऱ्यांचा. ते सनैयातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या बॉक्समध्ये एक साठ मिनिटांची कॅसेट सापडली, वर काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या मुलाने ती लावली, तर मोटर फिरे पण कॅसेट हलेना. नवीन बेल्ट घातल्यावर सासूबाईंचा आवाज आला, “अहो, ऐकताय ना?” मग विहिरीचं पाणी, भाताची लावणी, कुणाकुणाचं लग्न आणि शेवटी एक चार वर्षांचं पोर बेचा पाढा म्हणतंय. ते पोर म्हणजे माझे यजमान. सासूबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज एवढाच.

म्हणून आमच्या घरात नियम ठरला: काढायचं काही नाही, भर घालायची. टू-इन-वनचं थ्री-इन-वन करायचं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी ही रीत. इंग्रजी विभाग वाचणाऱ्या मुलांनाही जरूर वाचून दाखवा.

पहिलं काम, प्लग लावण्याआधी मागची बाजू बघा. पुष्कळ संचांवर व्होल्टेज निवडायचा खटका असतो. तो ११० वर राहिला आणि आपण इथल्या २३० व्होल्टला जोडला, तर ट्रान्सफॉर्मर जळतो. खास जपानच्या बाजारासाठी बनलेले संच १०० व्होल्टचे असतात. जपानचा एफएम पट्टाही ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या संचांवर ९० लाच संपतो. त्यामुळे आपली बरीचशी स्टेशनं त्यावर लागतच नाहीत. जुना संच विकत घेताना हे आधी पाहा.

दुसरं काम बेल्टचं. संच मुका नसतो, बहुतेक वेळा त्याचा रबरी बेल्ट सैल झालेला किंवा उन्हाळ्यांनी वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. प्लग काढून, सेल काढून मगच पेटी उघडा. चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. जुना बेल्ट शाबूत नसेल तर चाकांभोवती दोरा फिरवून माप घ्या आणि नवा बेल्ट त्याहून थोडा लहान घ्या, म्हणजे ताण बसतो. हेड आणि रबरी रोलरही त्याच अल्कोहोलने कापूस ओला करून पुसा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकली पाहिजे. आजी मुलीसारखी किंवा मुलगी आजीसारखी बोलायला लागली, तर मोटरच्या वेगाचा बारीक स्क्रू फिरवावा लागेल. आतल्या २३० व्होल्टच्या भागाला मात्र जाणकाराखेरीज कुणी हात लावू नये.

तिसरं काम ब्लूटूथ. संचामागे ‘लाइन इन’ लिहिलेली लाल-पांढरी सॉकेट्स असतील, तर एकही तार कापावी लागत नाही. छोटा ब्लूटूथ रिसीव्हर तिथे जोडायचा, पुढचा खटका ‘लाइन इन’वर न्यायचा, झालं. सॉकेट नसेल तर कॅसेटच्या आकाराचा ब्लूटूथ अडॅप्टर मिळतो, तो कॅसेटच्या जागी बसतो. मॉड्यूल आतच बसवून संचाच्याच विजेवर चालवलं, तर पुष्कळदा स्पीकरमधून किरकिर येते, कारण वीज आणि आवाज दोघांची ग्राउंड एकच होते. त्यासाठी बी-०५०५एस नावाचा नखाएवढा आयसोलेटेड कन्व्हर्टर मधे घालतात. तो ५ व्होल्ट घेतो आणि ५ व्होल्टच देतो, पण दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो.

लिथियम बॅटरीचा मोह मी टाळायला सांगेन. आठ मोठे सेल म्हणजे १२ व्होल्ट, आणि संच त्यासाठीच बनलेला आहे. जुलैमध्ये गाडीच्या डिकीत घरी जोडलेला लिथियम पॅक राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

या सगळ्याच्या आधी मात्र कॅसेट वाचवा. कॅसेटची ऐकायची बाजू आपल्याकडे धरली की वरच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची एक छोटी पट्टी दिसते. ती मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी त्या बाजूवरचं बोलणं पुसलं जाणार नाही. दुसऱ्या बाजूसाठीही तसंच करा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका. टेप चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, मग हेडफोनच्या सॉकेटमधून आवाज बारीक ठेवून संगणकात घ्या. ‘ऑडासिटी’ हा प्रोग्राम फुकट मिळतो. फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला नाव द्या: कोण बोलतंय, कुठून, साधारण कोणत्या साली. हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या.

आमच्या संचावर आता माझा मुलगा फोनमधली गाणी लावतो, त्याचे आजोबा बातम्या ऐकतात आणि कॅसेटचा कप्पाही चालू आहे. या दिवाळीत मी कोरी कॅसेट घालून सासऱ्यांना सनैयातल्या त्या खोलीबद्दल बोलायला सांगणार आहे. कोण कोण राहायचं, स्वयंपाकाची पाळी कशी लागायची, शुक्रवारी काय करायचे. नातू प्रश्न विचारील, मराठीत. अडखळला तरी चालेल, तेही रेकॉर्ड होऊ दे.