बांध कोरला

न्यायाधीशांच्या स्वीय सहायकांवर लेख म्हटला की 1837 सालच्या पिटमनच्या लघुलेखनपद्धतीपासून सुरुवात होते आणि 1862 सालच्या मुंबई उच्च न्यायालयावरून गाडी वेतन आयोगाशी येऊन थांबते. श्रेणी, बढत्या, 80 की 100 शब्दांचा वेग, या सगळ्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते मराठी लघुलेखनाविषयी.

34 वर्षे मी न्यायपीठाखालच्या टेबलाशी बसले. साक्षीदार मराठीत बोलायचा, साहेब इंग्रजीत सांगायचे आणि मी ते उतरवून घ्यायचे. एका जमिनीच्या दाव्यात म्हातारा शेतकरी म्हणाला, "भावानं बांध कोरला." कागदावर आले ‘एनक्रोच्ड’. बांध कोरणे म्हणजे दर नांगरटीला बांध एक तास, म्हणजे नांगराची एक सरी, पलीकडे सरकवणे. अतिक्रमण एका दिवशी होते, कोरणे वर्षानुवर्षे चालते. जमीन परत मागायची 12 वर्षांची मुदत कधीपासून मोजायची हा जिथे वाद, तिथे या एका क्रियापदाला फार वजन असते. उलटतपासात वकिलांनी तारीख विचारली. म्हातारा गप्प. कोरण्याला तारीख असणार कुठून? मी समासात ‘कोरला’ची रेघ काढून ठेवली होती. साक्ष वाचून दाखवण्याआधी ती साहेबांपुढे धरली. त्यांनी मूळ शब्द अवतरणात घालायला सांगितला. त्या साहेबांचे माझ्यावर आजही ऋण आहे.

मराठीला लघुलेखन झेपत नाही, असे आमच्यातलेच काही ज्येष्ठ शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांनी मराठी साक्ष कधी मनापासून घेतलीच नाही. पिटमनच्या पद्धतीत वेगात स्वर गाळतात. इंग्रजीत ते बरेचसे खपते. मराठीत ‘आला’ आणि ‘आली’ यांचा सांगाडा एकच. शेवटचा स्वर गेला, की रात्री घरात शिरला तो पुरुष होता की बाई, हेच वहीवरून सांगता येत नाही. म्हणून लघुलेखनाच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोटून घेतली: मधले स्वर गाळा, क्रियापदाचे शेपूट सोडू नका. मिनिटाला चार शब्द कमी पडले तरी हरकत नाही.

1998 साली खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तेव्हा आम्ही काही जणींनी पेढे वाटले होते. पुढे निकालपत्रे बहुतेक इंग्रजीतच येत राहिली, आणि मराठी लघुलेखनाचे वर्ग एकेक करून बंद पडले. याचे दुःख मला आहे.

गुप्ततेबद्दल दोन शब्द. साहेबांनी निकाल सांगितल्यापासून तो उघड्या न्यायालयात वाचला जाईपर्यंत तो दोघांनाच ठाऊक असायचा. कोरा कार्बन एकदाच वापरला की उजेडात धरून अक्षर न् अक्षर वाचता येते, म्हणून ते कार्बन मी स्वतः जाळत असे. एका खुनाच्या खटल्यात जन्मठेपेचा निकाल टंकून मी संध्याकाळी बाहेर पडले, तर आरोपीची आई पायरीवर बसलेली. "बाई, काय होईल हो?" तिने विचारले. "उद्या साहेब सांगतील," एवढेच म्हणाले. बसमध्ये बसल्यावर हात थरथरत होते.

21 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयात, महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत, यंत्राने युक्तिवाद उतरवायला सुरुवात केली. आता लघुलेखक कशाला, असे लगेच बोलले जाऊ लागले. वरिष्ठ वकिलांचे माइकसमोरचे इंग्रजी यंत्र घेईल. पण तालुक्याच्या न्यायालयात पंखा खडखडतोय, दोन वकील एकदम उठलेत, बाई पदराआडून बोलतेय आणि प्रश्नाला नुसती मान हलवतेय, तिथे कुणीतरी मान वर करून पाहावेच लागते.

गेल्या वर्षी माझ्याकडे मराठी लघुलेखनाला दोनच मुली आल्या. एकीच्या घरी शेती आहे. ‘बांध कोरला’ तिला समजावून सांगावे लागले नाही.