दुसरी कोण?

विज्ञानाच्या वाटेने गेलेल्या कर्तबगार बाईचे नाव सांग म्हटले, तर मराठी मुलीच्या तोंडून बहुधा आनंदीबाई जोशींचे नाव येते. ते यायलाच हवे. पण आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियाला वैद्यकीची पदवी घेतली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांच्यासाठी ठेवलेली जागा त्यांना सांभाळता आलीच नाही. त्यांच्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठ्या असलेल्या रखमाबाई लंडनमध्ये शिकून १८९४ साली परतल्या आणि सुरत, राजकोट या गावांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे रोगी तपासले, बाळंतपणे केली. त्यांचे नाव निघते ते मात्र बालपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात दिलेल्या झुंजीसाठी. पस्तीस वर्षांची डॉक्टरकी त्या खटल्याच्या आड गेली. आनंदीबाईंचे धाडस थोडेही कमी न लेखता म्हणावेसे वाटते की आपला सगळा गौरव ‘पहिली’ या एका शब्दाला बांधलेला आहे. आणि हा शब्द नीट पाहिला तर त्या बाईबद्दल फारसे काही सांगत नाही. तिच्याआधी त्या दारातून एकाही बाईला आत येऊ दिले नव्हते, एवढेच तो सांगतो. ती माहिती दाराची आहे. मुलींना विज्ञानाकडे ओढायचे असेल तर दाराआड तिने काय केले हे सांगावे लागेल, आणि तिच्यामागून दुसरी कधी आली हेही विचारावे लागेल.

कमला सोहोनींचे उदाहरण घेऊ. माहेरच्या त्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी तिथे अर्ज केला आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, बाई म्हणून. (रामन त्याच वर्षी त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते, ‘पहिला’ असण्याचा अनुभव माणसाला आपोआप उदार करतो असे नाही.) कमलाबाईंनी सत्याग्रह केला, रामन नमले, पण अटींसह: पहिले वर्ष उमेदवारीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम, आणि पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होईल असे काही नाही. इथपर्यंतची गोष्ट आता बरीच फिरते आणि साधारण इथेच संपते. वास्तविक कमलाबाईंची गोष्ट इथे सुरू होते. मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. केंब्रिजला गेल्यावर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ सापडले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एका रेणूकडून पुढच्या रेणूकडे पोचवायचे काम हे प्रथिन करते. ते प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही आहे हे त्यातून कळले. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता आणि १९३९ साली त्यावर डॉक्टरेट मिळाली. मोठ्या प्रबंधांच्या वजनावर विद्वत्ता तोलणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

पुढे दिल्ली, कुन्नूर असे करत त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला: ताडामाडाच्या ताज्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह किती, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तो दिला तर काय फरक पडतो. पुढे त्या या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था काढली, तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या. केंब्रिजमध्ये शिकलेले जीवरसायनशास्त्र त्यांनी भेसळ कशी ओळखावी हे गिरणगावातल्या आणि दादरच्या गृहिणीला समजेल अशा भाषेत आणले. आठवीतल्या मुलीला यातले काय भावेल? सत्याग्रह ऐकून ती टाळ्या वाजवील. पण बटाट्यात काय सापडले आणि दुधातली भेसळ कशी पकडायची हे ऐकले तर ती प्रश्न विचारील.

पहिलेपणाचा हट्ट धरला की आणखी एक गंमत होते. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कुठे कमलाबाईंचे नाव छापतात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली ती १९३१ साली, म्हणजे आठ वर्षे आधी. रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जींची १९४४ ची. ती भारतीय विद्यापीठाची म्हणून तिचाही ‘पहिली’त नंबर. मग ‘परदेशातून’, ‘अमुक विषयात’, ‘अमुक विद्यापीठातून’ अशी शेपटे लावत तिघींनाही पहिल्या नंबरावर बसवायचे. ऊस आणि मका यांचा संकर करणाऱ्या, लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची सूची डार्लिंग्टन यांच्याबरोबर १९४५ साली प्रसिद्ध करणाऱ्या जानकी अम्मलना या शर्यतीत धावायची काही गरज नव्हती.

दार एकदा उघडले की उघडेच राहते, असा या गौरवामागचा भाबडा समज आहे. तो किती फोल आहे हे ॲना मणी यांच्याकडे पाहिले की कळते. कमलाबाईंनंतर रामन यांनी मोजक्या मुली घेतल्या, त्यांत १९४० साली आलेल्या या केरळच्या मुलीचा समावेश होता. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर तिने काम केले. हिऱ्यातून येणारा प्रकाश इतका मंद की फोटोची एक काच उमटायला पंधरा-वीस तास लागत. रात्री प्रयोगशाळेतच जात. १९४२ ते १९४५ या काळात तिने एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली: एम.एस्सी. केलेले नाही. तो प्रबंध बांधणी करून बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आजही आहे. मणी लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या, पुणेकर ज्याला शिमला ऑफिस म्हणतात तिथे. पर्जन्यमापकासारखी साधी उपकरणेही तेव्हा आयात होत. मणींनी जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, ती देशात बनू लागली. देशभर सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले, ओझोन मोजणारे उपकरण तयार केले आणि १९८० साली सौर प्रारणाच्या आकडेवारीचा संदर्भग्रंथ दिला. आज कोणी गच्चीवर सोलर पॅनेल बसवताना ‘आपल्याकडे ऊन किती मिळते’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाच्या पायाशी या बाईने घेतलेल्या नोंदी असतात. डॉक्टरेट तिला मिळाली नाही ती नाहीच.

संस्थांच्या पातळीवरही तेच. विज्ञान संशोधनासाठीचे भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिले जाऊ लागले. ते मिळवणारी पहिली स्त्री असीमा चटर्जी, १९६१ साली. दुसरी? अर्चना शर्मा, १९७५ साली. मधली चौदा वर्षे ‘पहिली’च्या बातमीत कुठे दिसत नाहीत. भौतिकशास्त्रात हा पुरस्कार बाईला मिळायला २०१८ उजाडले, अदिती सेन डे यांच्या रूपाने. आपल्याकडे विज्ञानाच्या पदव्या घेणाऱ्यांत मुली चाळीस टक्क्यांच्या पुढे आहेत आणि संशोधनाच्या प्रत्यक्ष कामात बायका पाचव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे मुलींना विज्ञान आवडत नाही, त्यांना प्रेरणा हवी, हे निदानच अर्धवट आहे. प्रेरणा घेऊन त्या आल्या आहेत. गळती पुढे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लहान वयाला आदर्श लागतातच, आणि आदर्श साधेसोपेच असणार. आदर्शांचा परिणाम होतो हे मला मान्य आहे, त्याला पुरावाही आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात सरपंचपद बायकांसाठी राखीव झाले, तिथे अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलगा आणि मुलगी यांच्याकडून आईबापांच्या असलेल्या अपेक्षांतले अंतर पाव हिश्श्याने घटले, मुलींच्या स्वतःच्या आकांक्षांतले त्याहूनही जास्त, आणि शिक्षणातली तफावत नाहीशी झाली. पण हे घडले ते जिथे लागोपाठ दोनदा बाई सरपंच होती, त्या गावांत. पहिलीला गाव अपवाद समजत असावे. दुसरी आली की तो रिवाज होतो. शिवाय ती गावातलीच होती, भिंतीवरच्या चित्रातली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो थेट माझ्यावर उलटतो. नाकारलेल्या पदव्यांच्या कहाण्या ऐकून मुली खचणार नाहीत का? पॅरिस परिसरातल्या शाळांत विज्ञान क्षेत्रातल्या बायका तासाभरासाठी जाऊन बोलल्या, त्याचा परिणाम तपासला गेला. शेवटच्या वर्गातल्या विज्ञान शाखेच्या मुलींवर तो स्पष्ट दिसला, खालच्या वर्गात जवळजवळ नाही. आणि ज्या वक्त्यांनी ‘आमच्या क्षेत्रात बायका किती कमी’ यावर फार भर दिला नाही, कामच रंगवून सांगितले, त्यांचे बोलणे जास्त लागू पडले. तेव्हा अन्यायाची यादी वर्गात वाचून दाखवावी असे मी म्हणणार नाही. पण ती खोडूनही टाकता येणार नाही, कारण तिचे ऐकणारे वेगळे आहेत. बटाटा, हिरा आणि ऊन मुलींना सांगावे, एम.एस्सी.ची अट आणि चौदा वर्षे कुलगुरूंना, निवड समित्यांना, प्रयोगशाळांच्या प्रमुखांना सांगावीत. आपण नेमके उलटे करतो. मुलींना ‘अडथळे पार करा’ म्हणून सांगतो आणि अडथळे ज्यांच्या हाती आहेत त्यांना समारंभाचे अध्यक्षपद देतो.

विज्ञानाला लिंग नसते, मग बायकांचा वेगळा गौरव कशाला, असेही काही जण म्हणतात. इलेक्ट्रॉनला नसते हे खरे. प्रवेशाच्या निर्णयांना होते, हे बंगळुरूला दिसलेच. रामन त्यांच्या काळाचे अपत्य होते हा युक्तिवादही तोकडा पडतो, कारण मुलीला विज्ञान शिकू देणारे कमलाबाईंचे वडील आणि काका त्याच काळाचे होते. आणि वेगळ्या गौरवाची घाई झाली की काय होते ते सप्टेंबर २०१४ मध्ये दिसले. मंगळयान कक्षेत पोचले तेव्हा साडीतल्या, गजरे माळलेल्या, आनंदाने हसणाऱ्या बायकांचे छायाचित्र जगभर गेले, ‘इस्रोच्या शास्त्रज्ञ’ म्हणून. त्या प्रशासकीय विभागातल्या होत्या असा खुलासा इस्रोला नंतर करावा लागला. मोहिमेवर काम केलेल्या नंदिनी हरिनाथ, रितू करिधाल यांच्यासारख्या अभियंता होत्याच, पण छायाचित्र हवे तसे मिळाल्यावर काम कोणी केले हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

दुसरीची वाट सोपी करणाऱ्या कमल रणदिवे यांच्यावरच्या लेखांत सहसा सूक्ष्मदर्शक दिसतो, आणि ते योग्यच आहे. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, वसंतराव खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाचे संशोधन केलेल्या या बाईंनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांच्यासह काही जणींनी मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. वाशीला तिची इमारत आहे. तिथे व्याख्याने होतात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्याच आवारात नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आहे, आणि त्यांच्या मुलांसाठी पाळणाघरही आहे.